ज्याचे दार, तो समोर

मी, खाली सही करणारा, कुलूप-किल्लीचा कारागीर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना लिहून ठेवत आहे. हात थरथरतो तो वयामुळे. डोके जागेवर असल्याची खात्री डॉक्टरांनी केली आहे, आणि तिच्या पद्धतीने बायकोनेही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक बायकोला. तिच्या पश्चात घर दोन्ही मुलांना सारखे. प्रत्येक घराची जादा किल्ली सरकारी कार्यालयात जमा करावी असा हुकूम निघाला, तेव्हा दारात आलेल्या कारकुनाला ती म्हणाली, "किल्ली कशाला? मी घरातच असते. कडी वाजवा, उघडते." तो पाणी पिऊन रिकाम्या हाताने गेला. असे माणूस घरात होते म्हणून मला बाहेर ठाम राहता आले.

२. दुकान, शिकंजा, कानशी आणि कोऱ्या किल्ल्या मुलीला. अट तिला पाठ आहे: ज्याचे दार, तो समोर उभा असल्याशिवाय किल्ली घासायची नाही. साऱ्या गल्लीच्या किल्ल्या करण्याचे काम कार्यालयाने मलाच सांगितले होते. मी म्हटले, मालकांना एकेक करून पाठवा. मालक आले नाहीत, दुकान बंद करण्याचा कागद आला.

सरकारशी माझे वैर नाही. नळ, रस्ता, दवाखाना त्यांनीच दिला, त्याबद्दल आभार. पण आजचा साहेब भला असला तरी किल्ली त्याच्या बदलीनंतरही खणातच राहते. माझे राजकारण एवढेच.

३. वॉर्डाच्या पुढाऱ्यांनी त्या हुकुमाचे स्टेजवरून कौतुक केले आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या घराच्या मागच्या दाराला नवे कुलूप बसवून घेतले. माझा राग गेला आहे. फक्त माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करू नये.

४. माझ्या दुकानाला लावलेले ते टाळे मुलाला. मुलगा सरकारी नोकरीत आहे. हुकूम त्याला पटला होता.

"बाबा, ज्याला लपवायचं काही नाही, त्याला भीती कसली?"

"मग दादा, आंघोळीला जाताना कडी का लावतोस?" मुलीने विचारले.

तो हसला, पण मत बदलले नाही. तरी दुकान बंद होते तोवर रोज दुपारी डबा घेऊन आला आणि पायरीवर माझ्या शेजारी बसून जेवला, त्याच्या साहेबांच्या देखत. मत माझ्याविरुद्ध, डबा माझ्यासाठी. मला याहून जास्त काही मिळायचे राहिलेले नाही.

टाळे ठोकायला आलेले अंमलदार कुलूप आणायला विसरले होते, म्हणून माझ्याकडूनच विकत घेतले. ते मी तारेने सहज उघडले असते. "उघडा की हो, तुमचंच तर आहे," शेजारची शिंपीण म्हणायची. पण विकलेले कुलूप माझे नव्हते, आणि ज्याचे होते तो समोर नव्हता. पुढे हुकूम मागे घेतला गेला. अंमलदार आले, सगळे खिसे चाचपले.

"किल्ली हरवली. तुम्हीच उघडा आता."

"समोर उभे राहा," मी म्हटले. ते राहिले. मी उघडले.

"आणि हे आमच्या सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळणार होते," शिंपीण म्हणाली. सगळ्यात मोठ्याने अंमलदारच हसले, आणि कुलूप मलाच देऊन गेले.

तोच हुकूम नव्या नावाने येतोय आणि कागद मुलाच्या टेबलावरून जाणार आहे, असे कळते. त्याने काय करावे हे मी लिहिणार नाही. मेल्यावर मुलाच्या मतावर ताबा ठेवला तर मी भांडलो कशासाठी? कुलूप वजनदार आहे. कागद दाबायला बरे पडेल.

(सही) कुलूप-किल्लीचा कारागीर.

साक्षीदार: (सही) शेजारची शिंपीण. (सही) निवृत्त अंमलदार, ज्यांनी दुकान बंद केले होते.

दोघांनी माझ्यासमोर उभे राहून सह्या केल्या.

ठिकाण: दुकान, दार उघडे.
दिनांक: आज, सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस.