हंड्याचा पंखा

३ एप्रिल १९३६, वलवण
इंजिनाच्या होडीचा पंखा गेला! धरणाच्या मधोमध, जिथे नकाशावर नुसतं पाणी दाखवलंय, तिथे खालून कशावर तरी आपटला. तीनपैकी दोन पाती उडाली. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता — बीड वाकत नाही, फुटतं. वल्ही मारत काठ गाठला.

सुकाणूवर भिमाजी. वीस वर्षं या धरणावर होडी चालवतोय. त्या बाजूला जायला तो नकोच म्हणत होता — "तितं आमची जुनी वस्ती हाय, मिस्तरी. पान्याखाली." मीच हट्टाने वळवायला लावली.

४ एप्रिल
इंजिनिअरसाहेब भडकले. एक मेपासून पाणी उतरवून भिंतीची डागडुजी करायची आहे. त्याआधी भिंतीच्या कडेने होडी रोज फिरायला हवी. "पंखा कशाचा करायचा ते तू ठरव. तूच बसणार आहेस तिच्यात!"

ब्राँझचा सर्वांत उत्तम, पण मुंबईहून यायला दोन महिने. बीड पुन्हा आपटलं की पुन्हा फुटणार. पितळ मऊ, वाकलं तरी ठोकून सरळ करता येतं. शिवाय तळेगावचा दत्तोबा ओतारी आठवड्यात ओतून देतो म्हणाला.

पितळच.

८ एप्रिल
दत्तोबाकडे पितळ कमी पडलं. भिमाजीने घरून हंडा आणला. मोठा, जड, चिंच लावून लखलखीत घासलेला. त्याची बायको सरुबाई धरण भरलं त्या साली बुडून गेली, हे ऐकून होतो. म्हटलं, तिची आठवण कशाला मोडतोस?

"घरात ठेववत न्हाई. वितळूनच टाका."

हंडा फोडायला दत्तोबाने घण घातला. पहिल्या घावाचा आवाज विरेचना. दत्तोबाने घण खाली ठेवला, पाणी प्यायला, मग पुन्हा उचलला. शेवटचा तुकडा मुशीत जाईपर्यंत भिमाजी तिथेच उभा.

१६ एप्रिल
बसवला. काय देखणा झालाय! पण होडी डावीकडे ओढते. आणि पंखा घुमतो — कुणी भांड्यात तोंड घालून बोलावं तसा. पात्यांची कड जाड राहिली असणार. उतरवला, तोलला, कानस मारली.

१८ एप्रिल
तीच गत. वारा नाही, लाट नाही. सुकाणू सैल सोडलं की होडीचं नाक थेट त्या बुडालेल्या वस्तीकडे! तीनदा करून पाहिलं. तीनदाही तिकडेच. चौथ्यांदा भिमाजीने सुकाणू सोडू दिलं नाही.

१९ एप्रिल
बायको, इंदिरा म्हणते, जेवताना तुम्ही घुमता. मी? मला ऐकू आलं नाही.

२१ एप्रिल
सकाळी अंबूबाई दूध घालायला आली. तीही त्या बुडालेल्या वस्तीतली. सहज विचारलं, सरुबाई कशी हो गेली?

"हंड्यापायी गेली बया! सगळी गाडीत बसलो आन् ही हंडा ऱ्हायला म्हनून मागं फिरली. पानी लय चढत व्हतं. भिमाजी मागनं पळाला, पर एकलाच आला. न्हाई ती घावली, न्हाई हंडा."

"हंडासुद्धा नाही?"

"न्हाई. कुटनं घावंल?"

ती गेली. दूध उतू जाऊन चूल विझली तरी मी तसाच बसून.

२२ एप्रिल
विचारल्यावाचून राहवेना. भर दुपारी होडी मध्यावर नेली, इंजिन बंद केलं. आम्ही दोघेच. म्हटलं, भिमाजी, हंडा कुठून आला?

 तो पाण्याकडे बघत बोलला.

"मी तिच्या मागं गेलतो. पानी छातीला व्हतं. तिच्या एका हातात हंडा. दुसरा हात माझ्याकडं केला. मी हंडा धरला."

"अरे, का?"

"म्हाईत न्हाई, मिस्तरी. हंडा जवळ व्हता. मग रानात पुरून ठिवला. लोकं काय म्हनली असती? लय वर्सांनी उकरून घरी आनला."

रडला. साठीचा माणूस, लेकरासारखा. मी त्याचा हात हातात घेतला. एका चुकलेल्या क्षणासाठी वीस वर्षं जळतोय बिचारा! धीर दिला, जमेल तसा.

इथे लिहू की नको — पण लिहितो. इंजिन बंद होतं. घुमणं चालू होतं.

२४ एप्रिल
पितळी पंखा काढला. भिमाजीच म्हणाला, "बीडाचा घाला. बीड मुकं असतंय." गोदामाच्या कोपऱ्यात जुना बीडाचा एक पडून होता, तो बसवला. फुटला तर फुटू दे. होडी सरळ चालते. आवाज नाही.

पितळी पंखा इंदिराने घरात येऊ दिला नाही. साहेबांना सांगितलं, पितळ मऊ पडलं. खोटं बोललो.

३० एप्रिल
उद्यापासून पाणी सोडणार. भिमाजीने विचारलं, "किती उतरंल?"

"वीसेक फूट."

"मंग वस्ती दिसंल?"

"दिसेल की. शांत मनाने एकदा नमस्कार करून ये."

 संध्याकाळच्या आत वडिवळ्याला बहिणीकडे निघून गेला. चार दिवसांत येतो म्हणाला.

१२ मे
भिमाजी अजून आलेला नाही.

आज गाळातून चालत वस्तीपर्यंत गेलो. अंबूबाईने लांबूनच त्याचं घर दाखवलं. पुढे यायला तयार होईना. छप्पर गेलंय, दगडी भिंती उभ्या आहेत. सागवानी दार अजून चौकटीत घट्ट. भिंतीवरून आत डोकावलो: दाराला लागूनच गाळात काचेच्या बांगड्या.

कडी बाहेरून घातलेली.