पाडव्याच्या गाठी

३ मार्च, बेंबळी
आबांना सोलापूरहून घरी आणलं. बाहेर सगळ्यांना मूळव्याधीचं ऑपरेशन सांगायचं, असं नानाकाकांनी गाडीतच बजावलं. माझ्या वडलांना गुदाशयाचा कॅन्सर आहे. इथं तरी पूर्ण लिहिते. पोटावर संडासची पिशवी आहे. आज पहिल्यांदा मी रिकामी केली आणि मागच्या दारी जाऊन ओकले. उद्या नाही ओकणार.

५ मार्च
रक्त पडत होतं तेव्हा वर्षभर मूळव्याधीच्या पुड्या देणारा वैदू भेटायला आला. हातात केळी. म्हणतो, "म्या म्हणलंच हुतं, मुळातनं काढाय लागंल." आईनं त्याला चहा दिला. तो कप मी दोनदा घासला. तरी...

११ मार्च
काकांबरोबर सोलापूरला. तपासणीचा निकाल. डॉ. म्हणाले, मोठी गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत. पण भोवतीच्या चरबीत तुरीच्या दाण्याएवढ्या लसिकाग्रंथी असतात, त्यांतल्या काहींत कॅन्सर सापडला. म्हणजे आजार वाट शोधून बाहेर पडला होता. ज्यांच्या ग्रंथी स्वच्छ, त्यांच्यापेक्षा अशांना तो परतायची भीती जास्त, आयुष्य कमी. जितक्या जास्त ग्रंथी, तितकं वाईट. जखम भरली की केमो.
किती वर्षं, मी विचारलं. एका माणसाचं कुणीच सांगू शकत नाही. केमोनं जगायची शक्यता वाढते, म्हणाले.
काकांना समजावं म्हणून एसटी स्टँडवर मी ग्रंथींना बारक्या गाठी म्हणाले. तिथंच चुकलं.

१२ मार्च
काकांनी घरी जाहीर केलं, बारक्या गाठीबी निघाल्या, आता काय ऱ्हायलं न्हाय. मी तोंड उघडलं तर, "डॉक्टरीणबाई, निघाल्या का न्हाय गाठी? मग अंगात इख कशाला घालायचं?" माझी बीएस्सी अशी कामाला आली. आई त्यांच्याकडंच बघत होती.
खरं कारण काकूनं भाकरी थापताना सांगितलं. केमोनं केस गेले की गावाला कळणार, मग माझं लग्न अडणार. माझं नाव पुढं करून आबांचं औषध बंद. शी.

१९ मार्च, पाडवा
काकांनी साखरेच्या गाठींची माळ आबांच्या गळ्यात घातली. "एवढ्याच गाठी ऱ्हायल्या बघा आता." सगळे हसले. आबाही. मी उठून मागच्या दारी गेले. पिशवीमुळं आता जावं लागत नाही, यामुळं गेले.
दुपारी पिशवी बदलताना आबा हळूच म्हणाले, "माय, त्या बारक्या गाठीत सापडलं का काय?"
व्हय, मी म्हणाले. गाठी काढल्या, पण त्यांच्यातून पुढं काय गेलं ते दिसत नाही, म्हणून औषध. सगळं सांगितलं. ते माळेतली एक गाठ मोडून चोखत राहिले. "नाना तर..." एवढंच म्हणाले.

२२ मार्च
उद्या सोलापूर, केमोला. आबांचे आणि माझे कपडे मी भरलेत. काका माझ्याशी बोलत नाहीत. संध्याकाळी वैदूला घेऊन आले. नवी पुडी, गाठी परत उठू नयेत म्हणून. मी आबांकडं बघत होते. त्यांनी पुडी घेतली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, वैदूला रामराम केला. तो गेल्यावर मला विचारलं, "एसटी कितीची?"
सहाची, म्हटलं.
सदरा खुंटीला आहे. पुडी खिशातच आहे.