फक्त एक वळण

२ मे.
ट्रेलर आला. आत दोन पलंग, ओटा, बेसिन, सगळं. मुलीला मुलगी झाली आहे. नातीला बघायला आम्ही आपलं घर सोबत घेऊनच जाणार. जावयाच्या बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन ताटकळणं बंद. ही म्हणाली, बसने संध्याकाळपर्यंत पोचू. हिला दूरदृष्टी नाहीच.

४ मे.
वळणाचे दोन व्हिडिओ पाहिले. विषय संपला. गाडी वळते तेव्हा मागचा ट्रेलर आतून कोपरा कापतो. म्हणून आधी बरंच पुढे जायचं, मग स्टिअरिंग फिरवायचं. मैदानात बादल्या मांडून सराव केला. बहुतेक बादल्या आडव्या झाल्या. बादल्यांच्या जागा चुकल्या होत्या.

६ मे. सकाळी.
निघालो. हायवेवर राजासारखा चाललोय. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची लांबलचक रांग. ट्रेलर लोकांना आवडलेला दिसतो.

६ मे. दुपारी.
पुढे रस्त्याचं काम. शॉर्टकट म्हणून गल्लीत शिरलो. ही म्हणाली, थांबा, कुणाला तरी विचारते. विचारायचं काय त्यात? डावीकडे काटकोनात वळण. आधी बरंच पुढे जायला हवं होतं, पण पुढे शिंप्याचं दुकान. म्हणून जरा लवकर वळवलं. आता ट्रेलरची डावी बाजू विजेच्या खांबाला आणि पुढचा उजवा कोपरा शिंप्याच्या दाराला. मागे घेतलं की ट्रेलर कारच्याच अंगावर येतो. दुकानात एक गिऱ्हाईक कोंडलंय, एका बाहीचा कोट घालून.
अडकलो असं म्हणता येणार नाही. तूर्त थांबलोय.

६ मे. संध्याकाळी.
माझ्या बाजूचं दार वीतभर उघडतं. मी वीतभर नाही. गिअर ओलांडून हिच्या दाराने उतरता येईल, पण एवढ्या लोकांसमोर नको. शिंपी म्हणाला, काका, माझं दुकान कधी उघडणार? म्हटलं, अभ्यास चालू आहे. गिऱ्हाईक मागच्या खिडकीतून गेलं. कोट घालूनच.

७ मे.
शेवटी गिअर ओलांडला. गुडघ्याने हॉर्न दाबला गेला, सगळी गल्ली बघायला आली.
ही बसने गेली. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "तुमचं चालू द्या. मला बाळ बघायचंय." पिशवी उचलली आणि ट्रेलरखालून रांगत पलीकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही. ऊन असेल डोळ्यांवर.

८ मे. दुपारी.
वळलो! शिंप्याची बायको पुढे झाली. म्हणाली, काका, तुम्ही काही करू नका, तीच मोठी मदत. ट्रेलर कारपासून सोडवला, गल्लीतल्या माणसांनी मागून ढकलत फिरवला, पुन्हा जोडला. मार्गदर्शन अर्थात माझं. टाळ्या पडल्या. ती मागून ओरडून काहीतरी सांगत होती. हात हलवला आणि निघालो.

८ मे. संध्याकाळी.
पुढे शाळेची भिंत आहे. गल्ली तिथेच संपते. बाहेर पडायला तेच वळण, आता उलटं. ढकलणारे घरी गेले.
हिचा फोन आला. मागे बाळ रडत होतं. आवाज अगदी बारीक. हिने विचारलं, सुटलात का? म्हटलं, हो, वळलो. केवढी खूश झाली. म्हणाली, मग आम्ही जेवायला थांबतो.
थांबू नका, म्हटलं.