थेंब घातले त्या दिवशीचा कागद

प्रिय ढापणीस,

या नावाने चिडू नकोस, आता तुला असं म्हणणारी मीच एकटी उरले आहे. पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, तेवढं चालवून घे. गुडघे बरे आहेत. मोरीतला नळ अजून गळतो.

एकोणिसाव्या वर्षी तू अग्निशमन दलाचा फॉर्म आणलास. चष्मा चालणार नव्हता, म्हणून तो घालवायला आपण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डोळ्याचा पुढचा पडदा फार पातळ आहे, लेझर जमणार नाही, एवढं तोंडी सांगून बाकीचं कागदावर लिहून त्या शस्त्रक्रियेला निघून गेल्या. तपासणीसाठी डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे तुला जवळचं काही दिसत नव्हतं. बाकावर बसून म्हणालीस, आई, तू वाच ना. मी वाचलं. तू रडली नाहीस. उलट वाटेत मलाच म्हणालीस, बरं झालं, शिडीवरून पडायची भीती मिटली. मी हसलेही त्यावर.

त्याला चौदा वर्षं झाली. तू त्याच दलात फोन घेत बसतेस आणि बंबावर दुसरे जातात. मी शेजारणींना ऐटीत सांगते, बसून काम आहे हो, कसला धोका नाही. आणि तू चारचौघांत म्हणतेस, आमची आई देवभोळी असेल, पण खोटं बोलायची नाही. तेव्हा कडू गोळी जिभेवरच विरघळावी तसं होतं गं.

त्या कागदावर खाली आणखी चार ओळी होत्या. बुबुळामागे पातळसं भिंग बसवता येईल, पडदा तासावा लागणार नाही, नको झालं तर भिंग काढताही येतं, तुझे डोळे त्याला योग्य वाटतात, पुढच्या आठवड्यात या. मी त्या गाळल्या, आणि कागद पुन्हा तुझ्या हाती लागू दिला नाही. मॅट्रिक झालेय, समजलं नाही म्हणायची सोय नाही. पैसे नव्हते असंही नाही, डब्यात तेवढे साठले होते. मला तू आगीत दिसत होतीस, एवढंच. देवाला हे कितीदा सांगितलं. त्याला सांगणं सोपं, तो उलट विचारत नाही.

परवा तू फोनवर म्हणालीस, शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी तोच फॉर्म भरतेय, तिचाही पडदा पातळ निघाला, वयाच्या अटीत बसायला तिला एकच वर्ष उरलंय. आणि तू तिला समजावलंस, यावर इलाज नसतो, उगाच दवाखाने फिरू नकोस. तिला उद्याच डॉक्टरीणबाईंकडे ने, भिंगाचं विचार. जमेलच असं नाही, पण नाही म्हणायचं तर ते डॉक्टरांनी म्हणू दे. इलाज नाही असं तुला कुणी भासवलं, तेही तिला सांग. माझ्याशी बोलायचं की नाही, ते मग ठरव.

तुझीच म्हणायला आज कचरणारी,
आई