डाव्या पंखातल्या चौदा रिबा

२८ जानेवारी, मंगळवार
चौदावी रिब झाली! डाव्या पंखाच्या सगळ्या बरगड्या माझ्या हातच्या. ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी फर्म्यात आवळायचा आणि कडा मॅलेटच्या लाकडी ठोक्यांनी हळूहळू दुमडत न्यायच्या — घाई केली की सुरकुती. समीर म्हणाला, "बाबा, मशीनवर पण इतकी साफ येत नाही." पोरगं चक्क कौतुक करतंय! चांगली नोकरी सोडून त्याने मोरिवलीच्या गाळ्यात विमान बांधायला घेतलं, तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोललो होतो. दोन वर्षं अबोला. ऑक्टोबरात त्यानेच फोन केला — "पत्र्याचं काम तुमच्याएवढं कुणाला येतं?" तेव्हापासून खरवईच्या घरून दहाच्या ठोक्याला गाळ्यावर हजर. मालिनी म्हणते, रिटायर झालेला नवरा पुन्हा ड्यूटीवर लागला.

६ फेब्रुवारी
मोतीबिंदूचं ऑपरेशन. मालिनीने ओढतच नेलं. डॉक्टर म्हणाले, "इतका पिकला होता, काम कसं करत होतात?" करत होतो खरा.

९ फेब्रुवारी
थेंब. काळा चष्मा. पुन्हा थेंब.

२० फेब्रुवारी, गुरुवार
गाळ्यावर गेलो. मी नसताना पंख बंद झालाय, वरून पत्रा चढवून रिवेट मारलेत. किती लख्ख दिसतंय सगळं! टेबलाखाली माझी सरावाची एक रिब पडली होती. सहज उचलली. दुमडीवर, आखलेल्या रेघेवरच, केसाएवढी चीर.

पहिल्याच दिवशी समीरने बजावलं होतं — "मार्करनेच आखायचं हां, बाबा. टोकाने ओरखडा पडला की ॲल्युमिनियम तिथूनच फाटतं." पण मार्करची रेघ मला दिसायचीच नाही! कबूल कोण करणार? बत्तीस वर्षं कारखान्यात लोखंडी पत्रा स्क्रायबरच्या पोलादी टोकाने आखला, तसाच हाही आखला. ओरखडा नखाला लागतो. नखाने चाचपत दुमडत गेलो. चौदाच्या चौदा! वर कळू नये म्हणून ओरखड्यांवरून मार्कर फिरवला. काय माणूस आहे मी!

२१ फेब्रुवारी
सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मे महिन्यात पहिलं उड्डाण, समीर म्हणाला. उडवणार तोच. एकटा. मी उजव्या पंखाच्या रिबा दुमडतोय. आता मार्करची रेघ दिसते, तिच्यावरच दुमडतो. त्याचा आता काय उपयोग?

सांगितलं तर सगळा पंख उचकटायचा, आणि "तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय का?" हे त्याचं वाक्य मला पाठ आहे. पुन्हा अबोला. या वयात दोन वर्षं म्हणजे किती असतात! नाही सांगितलं तर — लिहवत नाही. मालिनी विचारते, जेवण का जात नाही? म्हटलं, डोळ्यांचं औषध सोसत नाही. घरात बसवत नाही, गाळ्यात उभं राहवत नाही. जाऊ कुठे?

२७ फेब्रुवारी
समीर पंखावरून हात फिरवत होता. मी धीर करून तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा सांगू का रे?" भित्रा कुठला!

१ मार्च
रात्रभर डोळा लागला नाही. सोमवारी सांगायचंच.

३ मार्च, सोमवार
सांगितलं. चीर पडलेली रिब हातात दिली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. त्याने चिरेवरून नख फिरवलं. मग म्हणाला, "पंखात तुमच्या रिबा नाहीयेत, बाबा. ओरखडे मला डिसेंबरातच दिसले. रविवारी तुम्ही नसता, तेव्हा मी नवीन केल्या. तुमच्या वर माळ्यावर आहेत."

मी भडकलोच — "मग तेव्हाच तोंडावर सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतात?"

नसतो आलो.