आठ नावांची यादी

प्रिय बारक्या,

पाकीट बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, तुझे भाऊजीही बरे आहेत. गेल्या आठवड्यात मी तुला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्यांबद्दल बोलून ठेवून दिला, तेव्हाच तुला शंका आली असेल. मला बोलायचं वेगळंच होतं. पण फोनवर मी आधी माझी बाजू सांगायला लागले असते, हे मला ठाऊक आहे. आणि खरं सांगू का, नक्की काय बोलायचंय तेच मला अजून धड कळलेलं नाही. डोक्यात नुसता गुंता झालाय. म्हणून घडलं तसं लिहिते, तू वाच. मध्येच राग आला तर ठेवून दे, पण टाकून देऊ नकोस.

आपल्या प्रयोगशाळेत (बघ, अजून 'आपल्या'च लिहिते) सगळे जुने प्रोग्राम काढून नवे बसवताहेत. जुने सहा प्रोग्राम निघाले, पण रजिस्ट्रीत, कॉम्प्युटरच्या त्या आतल्या वहीत, त्यांच्या नोंदी, म्हणजे कीज, तशाच राहिल्या. त्या चाळीसही कॉम्प्युटरमधून शोधून डिलीट करायची स्क्रिप्ट लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आईने विचारलं, एवढे आठ आठ तास करतेस तरी काय. मी म्हटलं, भाडेकरू घर सोडून जातात पण भिंतीतले खिळे तसेच ठेवून जातात ना, ते खिळे शोधून उपटायचे. आई म्हणाली, आणि खिळ्याबरोबर भिंत आली तर? म्हणून तर आधी नुसते मोजायचे, असं मी तिला ऐटीत सांगितलं. तिने तुझं नाव काढलं नाही, पण रोख तुझ्याकडेच होता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेली नऊ वर्षं मी एकही स्क्रिप्ट सरळ डिलीट करायला लावत नाही. आधी 'फक्त दाखव' म्हणून चालवायची, काय काय सापडलं ते डोळ्यांखालून घालायचं, मगच पुढे. तशी चालवली. सहा प्रोग्रामांच्या मिळून पन्नासेक कीज सापडतील असा माझा अंदाज होता. सापडल्या एक हजार तीनशे बारा. त्यात आत्ता चालू असलेले प्रोग्रामही आले, लेबल छापणारा आला, रक्त तपासायच्या मशीनशी बोलणारासुद्धा आला. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी सहाही नावं एकेक करून हाताने टाइप करून शोधली, तर बेरीज बरोबर अठ्ठेचाळीस. तीच नावं लिहून ठेवलेली यादीची फाइल स्क्रिप्टला वाचायला लावली की पुन्हा तेराशे बारा. तीन दिवस हा खेळ चालला. स्क्रिप्ट मी पाच वेळा नव्याने लिहिली. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि भाऊजींनी मुकाट्याने खाल्लं, तेव्हा कळलं की माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

या तीन दिवसांत मला सारखा नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवत होता. तुझी स्क्रिप्ट, तीही अशीच जुन्या कीज काढायची. तू आदल्या दिवशी एका कॉम्प्युटरवर चालवून बघितली होतीस आणि सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सगळीकडे चालवलीस आणि कुठल्या कॉम्प्युटरला कुठलं मशीन जोडलंय हे चाळीसही कॉम्प्युटर विसरले. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्या दीडशे लोकांना परत बोलवावं लागलं. त्या एका आजोबांची शीर सापडेना, चार ठिकाणी टोचलं, आणि तू दाराबाहेर उभा राहून ते बघत होतास. दोन दिवस घरी न जाता तू सगळं परत बसवलंस. मग आपल्या संचालक मॅडमच्या खोलीत तू तीनदा तेच म्हणालास, की यादीत आठच नावं होती आणि आठच नावांचं शोधलं होतं. मी तुझी मोठी बहीण आणि विभागाची प्रमुखही. बहिणीने भावाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी जरा जास्तच कडक झाले. अहवाल मी लिहिला, एका पानाचा. स्क्रिप्ट सदोष, चाचणी अपुरी. तू राजीनामा दिलास आणि पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाहीस. सायकलींचं दुकान छान चालवतोस, सगळे म्हणतात. मी मात्र तिथे एकदाही आले नाही.

तर चौथ्या दिवशी काय झालं सांगते. यादीची फाइल उघडून मी उगाच खाली जायचं बटण दाबत बसले होते. सहाव्या नावाशी कर्सर थांबायला हवा होता. तो आणखी एक ओळ खाली गेला. सहाव्या नावाखाली एक रिकामी ओळ होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! स्क्रिप्ट एकेक ओळ वाचते आणि ती अक्षरं ज्या ज्या कीच्या नावात असतील ती उचलते. रिकाम्या ओळीत अक्षरच नाही, मग कुठलीच की वगळायचं कारण उरत नाही. काहीच न मागता शोधलं की सगळंच सापडतं.

ती ओळ माझीच. तुला बाबांचं टाइपरायटर शिकवणं माहीत नाही, तुझी वेळ येईपर्यंत ते मशीन बंद पडलं होतं. त्यावर शेवटची ओळ दांड्याआड लपायची. मग बाबा म्हणायचे, संपलं की एकदा ओळ पुढे सरकव, म्हणजे काय लिहिलंस ते दिसेल. तेव्हापासून माझं बोट लिहून झालं की एंटरवर जातंच. तुझं नाही जात. तुझ्या चिठ्ठ्यासुद्धा शेवटच्या शब्दाशी तोडल्यासारख्या संपतात.

मला खूप हसू आलं, मी भाऊजींना फोन करून सांगितलंसुद्धा. आणि सांगता सांगताच थांबले. ते पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले.

तुझ्या त्या दिवशीचं सगळं मी एका फोल्डरमध्ये जपून ठेवलं होतं. तुझी स्क्रिप्ट आम्ही सगळ्यांनी शंभरदा वाचली होती. यादी कुणीच उघडली नव्हती, नावंच तर होती. मी उघडली. नावं नऊ आहेत, बारक्या. नववं जुन्या स्टिकर छापायच्या प्रोग्रामचं, आणि त्याच्याखाली एक रिकामी ओळ. फाइल शेवटची बदलली त्याच दिवशी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. तेव्हा तू पलीकडच्या इमारतीत होतास, अकरापर्यंत. मला आता स्वच्छ आठवतंय. हाही प्रोग्राम आता लागत नाही, हेही नाव घालून टाकू, असं मनात म्हणून मी ते टाइप केलं, एंटर दाबलं आणि फाइल सेव्ह केली. तुला सांगायचं राहून गेलं.

रिकामी ओळ वगळायची सोय तू स्क्रिप्टमध्ये करायला हवी होतीस, हे वाक्य मी या पत्रात दोनदा लिहून दोनदा खोडलं. बघ, अजून मी कुठे पळवाट शोधते ते. आणि खरा गुंता इथेच आहे. त्या दिवशी मॅडमच्या खोलीत मला हे आठवत होतं का? मी स्वतःला विचारून विचारून थकले. कधी वाटतं, अजिबात नाही, त्या गोंधळात कोण लक्षात ठेवतं. कधी वाटतं, तू 'आठच' म्हणालास तेव्हा मी पटकन दुसरा प्रश्न विचारला होता, तो मुद्दामच. यादी उघडायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी ती नऊ वर्षं उघडली नाही, आणि काढूनही टाकली नाही. याचा अर्थ काय लावायचा, तूच सांग.

बाबा जाताना तुझ्याबद्दल म्हणाले होते, पोरगं हुशार आहे पण धसमुसळं. मी शेजारीच बसले होते आणि मान हलवली होती. ते आता दुरुस्त होणार नाही. जे होण्यासारखं होतं ते आज सकाळी केलं. माझा जुना अहवाल चुकीचा आहे आणि चूक माझी होती, असं लिहून सही करून मॅडमना दिलं. त्याची प्रत सोबत आहे. त्यांनी विचारलं, आता तुमच्या भावाला काय हवंय? ते मी तुला कधी विचारलंच नव्हतं. रविवारी सकाळी मी तुझ्या दुकानाशी येते, एकटीच. मला भेटायचं नसेल तर शटर अर्धं खाली ठेव, मी बाहेरूनच परत जाईन आणि मनात काही धरणार नाही. पण तुझ्या तोंडून नऊ वर्षांपूर्वी तीनदा ऐकलेलं आता एकदा माझ्या तोंडून निघायला हवं, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. तू बरोबर होतास, बारक्या. तू केलेल्या यादीत आठच नावं होती.

तुझीच,
ताई