विहीणबाईंच्या ताटलीतला केक

रामला, २४ ऑक्टोबर १९७६

अवीची आई आज पहिल्यांदा जेवायला. आमच्या रूथचं तिच्या अवीशी जमलंय, म्हणून सकाळपासून मी पदर खोचून उभी. नाव ब्रोनिया. मूळची पोलंडची, राहते रेहोव्होतला. चिकन, भात, शेवटी माझा रव्याचा केक. ठाण्याला वरखाली निखारे ठेवून करायचो, इथे इस्रायलात ओव्हनचा मोठा ट्रे भरून आत सरकवला की झालं. पन्नास माणसं असोत नाहीतर पाच, कष्ट तेच.

चिकन जेवली. मग हात धुवायला किचनमध्ये आली. मी केकवर उरलेलं दूध शिंपडत होते. म्हटलं, बसा, आणतेच. ताटलीत वडी दिली, तर ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये. "घरी खाईन, पोट भरलं." पाखराएवढं जेवून पोट भरलं!

दाल में काला.

२५ ऑक्टो.

सॉलोमन म्हणतो, तुला जिथे तिथे भुतं दिसतात. नवरे असंच म्हणतात. रूथला विचारलं तर उत्तर हिब्रूत. "इमा, दाय!" म्हणजे आई, पुरे. हिला मराठी समजतं सगळं, बोलायला जीभ वळत नाही.

मला एकच वाटतं. आम्ही इथे आल्यावर मोठ्या रबाईंनी, इथल्या धर्मगुरूंनी, विचारलंच होतं ना, तुम्ही हिंदुस्थानातले, खरे ज्यू कशावरून? पुढे मिटलं. कागदावर मिटलं. बायकांच्या मनात मिटलं का? ही आपल्या हातचं खात नसेल तर माझी पोर त्या घरात काय नांदणार.

झोप नाही नीट.

३१ ऑक्टो.

उलगडा! अवीने रूथला सांगितलं. त्याच्या आईने मला केकवर दूध ओतताना पाहिलं. मांस आणि दूध एका जेवणात आपल्या धर्मात चालत नाही, आणि इथे चिकनच्या जेवणावर दूध! बाई हादरली.

अगो, नारळाचं दूध ते! मटणावरच्या गोडात आपण गाईचं दूध कधी घालतो? बापजाद्यांपासून नारळच. इथे ओला मिळत नाही म्हणून पाकिटातलं खोबरं गरम पाण्यात भिजवून पिळते. पोलंडात कुठला नारळ. खूप हसले, सॉलोमन पण. रूथने अवीला सांगितलं, तो आईला सांगणार.

पण मला का नाही विचारलं तिने? समोर उभी होते. आणि चिकन तर माझ्याच हातचं जेवली होती. मग केकच का...

२ नोव्हें.

अवीबरोबर अर्धा ट्रे पाठवला. "आईला खूप आवडला," म्हणतो. मी विचारलं, तू पाहिलंस खाताना? म्हणाला, मी कामावर होतो. बघा.

५ नोव्हें.

विहीणबाईंचा निरोप. साखरपुड्याला केक करणार असाल तर वर खोबरं पसरा, म्हणजे पाहुण्यांना कळेल दूध कसलं ते.

सॉलोमन म्हणतो, शास्त्रच आहे, बदामाचं दूध मटणाबरोबर वाढलं तर शेजारी बदाम ठेवतात. शास्त्र मलाही कळतं. पण पाहुण्यांना कळायला की हिला? माझ्या केकलाही आता दाखला! म्हटलं, नाही पसरणार जा. ज्याला खायचं तो खाईल.

रूथ रडली. आणि चक्क मराठीत, "इमा, माझ्यासाठी कर ना." काम असलं की बरी येते मराठी.

पसरते. काय करणार. राग आलाय, फार आलाय.

१५ नोव्हें.

ट्रेच ट्रे. रवा रात्रीच भिजवलेला. माझा ओव्हन एक, म्हणून जिन्यात वरखाली. वरच्या मजल्यावरची सिमी, मरोक्कोची, तिने ओव्हन दिला. तिचा ओव्हन उघडून मी जरा आत डोकावले. चीजबिज भाजते की काय, बघायला नको? सिमी मागे उभीच. "वास कसला घेतेस? मांसाचाच ओव्हन आहे तो. माझ्यावर विश्वास नाही?"

लाज वाटली. म्हटलं, आहे गं, गरम झाला का ते बघत होते.

तरी पण बघितलं ते बरंच केलं.

१७ नोव्हें.

काल साखरपुडा. हॉल भरलेला. वरचं खोबरं छान तांबूस झालेलं, आमची माणसं विचारत होती ही नवी फॅशन कुठली. ब्रोनियाने ताटलीत वडी घेतली. मी टक लावून. तेवढ्यात तिचा भाऊ मझल तोव, अभिनंदन, ओरडत आला तो माझ्या गळ्यातच पडला. सुटून पाहते तर ताटली रिकामी. हातात चुरगळलेला रुमाल. त्यात काही होतं का? मूठ घट्ट होती.

निघताना दोन्ही गालांना मुके दिले. मी हळूच वास घेतला, नारळाचा येतो का. लिंबाच्या चहाचा आला.

सकाळी ट्रे घासत होते. रूथ पुसत होती, अंगठी काढून बाजूला ठेवलेली. मग फडक्याकडे बघत, "इमा, तिने खाल्लं का? तू पाहिलंस?"

म्हणजे ही पण बघत होती. इतके दिवस मला दाय, दाय करत.

मी म्हटलं, "खाल्लं गो. दोन वड्या खाल्ल्या."